चौदाचे चारशे दहा

१. नऊ वाजून वीस मिनिटं

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सात नंबरच्या पॅनेलनं तिघांच्या तोंडचं पाणी पळवलं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला याच पॅनेलला मीटर लावलं होतं. वरच्या पृष्ठभागापासून खालच्या पृष्ठभागापर्यंत जाताना विजेला होणारा अडथळा तेव्हा भरला होता चौदा मिलिओहम. सोमवारी तेच मीटर, तीच खोली, तेच पॅनेल आणि आकडा चारशे दहा. मधले अडीच दिवस पॅनेल लोखंडी कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं, कुलपावर लाखेचं सील होतं आणि सीलाचा टवकाही उडालेला नव्हता.

मीटरमावशी पोचल्या त्या नऊ पस्तीसला. वर्षातून एकदा त्या या कारखान्यात येत. इथली मीटरं खरं बोलतात की नाही ते तपासायचं, खोटं बोलणाऱ्याचा कान पिळायचा, पास झालेल्यावर हिरवं लेबल चिकटवायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचं, एवढंच त्यांचं काम. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा, आवाज खणखणीत. कामाची पेटी मात्र त्या स्वतःच उचलत. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"बाई, बरं झालं आलात," साहेब म्हणाले.

अकरा वर्षांत साहेबांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं होतं. म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असणार, हे मावशींनी पेटी खाली ठेवायच्या आत ओळखलं.

खोलीत आणखी दोघं होती. टिनाच्या हॉलमधलं वीज पाडायचं यंत्र चालवणारा वीजवाला भिंतीला टेकून उभा होता. साहेबांची सख्खी भाची टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. सात नंबरचं रेझिन, म्हणजे थरांना सांधणारा चिकट द्रव, तिनं बनवलेलं. इथं ती साहेबांना साहेब म्हणे, घरी मामा.

मावशींनी मीटर पेटीतल्या प्रमाणित तारेशी ताडून पाहिलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. मीटरच्या पोटात साठवलेला शुक्रवारचा आकडाही उघडून पाहिला. चौदा. वेळ पाच वाजून दोन मिनिटं.

"मीटर सरळ आहे. आजही खरं बोलतंय आणि शुक्रवारीही खरंच बोललं."

"मीटरला काय, जे समोर ठेवाल ते मोजतं," साहेब म्हणाले. "प्रश्न असा, की शुक्रवारी समोर काय ठेवलं होतं? कारण मोजलं एकटीनं आणि कागदावर सहीसुद्धा एकटीचीच आहे."

भाचीनं मान वर केली. "मी सातच मोजलं, साहेब."

"तीन वाजता विमान खात्याची माणसं येतायत, चारला सातवर वीज पाडून बघायची आहे. तीनपर्यंत उलगडा झाला नाही तर मी सात मागे घेणार आणि जिनं ती सही केली तिला घरी पाठवणार. भाची म्हणून पोटात घातलं, असं उद्या कुणी बोलायला नको. आणि ही गोष्ट या चौघांच्या बाहेर जाता कामा नये."

खोटा आकडा देणारी म्हणून घरी गेलेल्या मुलीला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. हे चौघांनाही माहीत होतं.

मावशींनी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी.

२. जिने नसलेली इमारत

"आधी मला नीट समजाव," मावशी भाचीला म्हणाल्या. दोघी कँटीनच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. "मला मीटरातलं कळतं, तुझ्या चिकट डब्यांतलं नाही."

"मावशी, एक चोवीस मजली इमारत डोळ्यासमोर आणा. प्रत्येक मजल्यावर लांबलचक, रुंद व्हरांडे. पण जिना एकही नाही."

"वाईट बांधलीय."

"कार्बन फायबरचं पॅनेल अगदी तसंच असतं. चोवीस थर. प्रत्येक थरातल्या धाग्यांतून वीज आडवी सुसाट पळते. पण या थरातून त्या थरात उतरायचं तर मध्ये रेझिन, आणि रेझिन विजेला वाट देत नाही. विमानावर वीज पडली की सगळा लोंढा वरच्याच मजल्यावर अडकतो. तिथं आग होते, रेझिन उकळतं, थर फाटतात. म्हणून आजवर वरून तांब्याची जाळी लावत आलो. ती वजनाला जड आणि दुरुस्तीला कटकटीची."

"आणि तू?"

"मी रेझिनमध्येच कार्बनच्या अतिबारीक नळ्या कालवल्या. केसापेक्षा हजारो पट बारीक. त्या थराथरांमध्ये एकमेकींना टेकून उभ्या राहतात आणि मजल्यामजल्यावर जिने तयार होतात. लोंढा चोवीस मजल्यांवर पसरतो, कुठंच फार तापत नाही. चौदा मिलिओहम म्हणजे जिने आहेत. चारशे दहा म्हणजे एकही जिना नाही."

"जिने अडीच दिवसांत पडू शकतात?"

"रेझिन एकदा भट्टीत घट्ट झालं की नळ्या जागच्या हलत नाहीत. शंभर वर्षं ठेवा."

"मग सरळ आहे. हे पॅनेल दुसरं आहे. कुणीतरी बदललं."

"मीही तेच म्हणाले. साहेबांनी मला कोपरा दाखवला." भाचीनं खिशातून फोन काढून फोटो पुढं केला. पॅनेलच्या काळ्या कोपऱ्यात, काचेखाली असावी तशी, एक इवलीशी कागदी चिठ्ठी दिसत होती. त्यावर सात हा आकडा होता. "आमच्याकडे नंबर वरून लिहीत नाहीत. चिठ्ठी शेवटच्या थराखाली ठेवतात, मग भट्टी. ती रेझिनमध्ये गाडली जाते. काढता येत नाही, मागून घालता येत नाही. अक्षर आमच्या थर रचणाऱ्या उस्तादांचं आहे आणि सात नंबरचं पॅनेल उस्तादांनी एकच बनवलं."

मावशींनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

पॅनेल बदललेलं नाही. पॅनेल बिघडू शकत नाही. मीटर खोटं बोललेलं नाही. उरली फक्त ही पोरगी.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "तुमचा तरी विश्वास आहे ना?"

"मी विश्वास ठेवायला येत नाही गं, मोजायला येते," मावशी गुडघा धरून उठल्या. "पण एक सांगते. मला फसवायचं असतं तर मी सत्तर-ऐंशी लिहिलं असतं, चौदा नाही. लबाड माणूस इतकं झकास लिहीत नाही."

३. फार नीट घासलेला चौकोन

वीजवाला हा गोलमटोल, हसरा गृहस्थ. रोज लाखभर अँपिअरशी खेळणारा हा माणूस पालीला मात्र घाबरे.

"शुक्रवारी मी काय केलं? पाऊण वाजल्यापासून सांगतो," तो म्हणाला.

"साडेचारपासून सांग."

"साडेचारला सात नंबर माझ्या टेबलावर आलं. वर-खाली मधोमध एकेक चौकोन पॉलिश पेपरनं घासला. वरची रेझिनची साय गेल्याशिवाय आतल्या धाग्यांना मीटर भिडत नाही ना! त्यावर चांदीचा रंग दिला. वाळला. मग मी यंत्राकडं पळालो, कारण तिथं पाल निघाली होती."

"यंत्रात?"

"यंत्रावर. तुम्ही हसू नका. मग भाचीबाईंनी एकटीनं मोजलं. पावणेसहाला साहेबांनी स्वतः पॅनेल कपाटात ठेवून सील ठोकलं."

"पाच ते पावणेसहा पॅनेल कुठं होतं?"

"कुठं म्हणजे? इथंच. कुणी हातसुद्धा लावला नाही."

"पंचेचाळीस मिनिटं टेबलावर नुसतं पडून?"

"नाही, कडा घासायला उस्तादांकडं गेलं होतं. ते काय, नेहमीचंच. प्रत्येक पॅनेल शेवटी त्यांच्याच हाताखालून जातं. त्याला काय हात लावणं म्हणतात?"

मावशींनी पेटीतून भिंग काढलं आणि चारशे दहावाल्या पॅनेलवर वाकल्या. चांदीच्या रंगाचा चौकोन बोटभर स्पिरिटनं पुसला. खाली घासल्याचे ओरखडे दिसू लागले.

"आता सहा नंबर दे."

सहा नंबर गेल्या महिन्यातलं, अजून चाचणीला न गेलेलं. तेही वीजवाल्यानंच घासलेलं. तिथलाही रंग पुसून मावशींनी भिंग लावलं. सहावर ओरखडे गोल गोल, एकात एक गुंतलेले, घाईत भांडं घासावं तसे. सातवर मात्र सरळ, समांतर, रेघांच्या वहीसारखे. आणि सगळे धाग्याच्या दिशेनं, एकही आडवा नाही.

"तू नेहमी गोल घासतोस?"

"दुसरं कसं घासणार? कोपराला तेवढंच जमतं." वीजवाला वाकून पाहू लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी... हे मी घासलेलं नाही."

४. स्टूल

म्हणजे पॅनेल दुसरंच होतं. चिठ्ठी काहीही सांगो.

थर रचायच्या खोलीत जायचं तर पांढरा डगला, टोपी आणि पायांवर पिशव्या. आत धूळ चालत नाही, फोन चालत नाही, बाहेरच्या गप्पा तर मुळीच नाहीत. उस्ताद सकाळी आठला आत शिरत ते जेवणालाच बाहेर येत. बावीस वर्षांचा शिरस्ता. महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे होते.

त्यांचा हात अख्ख्या कारखान्यात वाखाणला जाई. कार्बनचं कापड ते साच्यावर असं अंथरत की सुरकुती कुठं पडायची ती लाजून पडत नसे. धागा आडवा कापला गेला तर उस्तादांच्या चेहऱ्यावर ओरखडा उमटतो, असं पोरंटोरं म्हणत.

"या मावशी, या! झालं का एक वर्ष?" उस्ताद खुर्चीतूनच म्हणाले. "बसा, ते स्टूल घ्या."

मावशी स्टुलावर बसल्या. गुडघ्यानं तक्रार केली. दहा वर्षं उस्ताद उठून आपली खुर्ची त्यांना देत आले होते. नको म्हटलं तरी ऐकत नसत.

"पाठ धरलीय का?"

"वय झालं आता," उस्ताद म्हणाले. बसले मात्र होते ताठ, शाळेच्या फोटोला बसावं तसे.

"सात नंबर बघितलं मी. सगळे फार वाखाणतायत."

उस्तादांचा चेहरा खुलला. "त्यासारखं माझ्या हातून दुसरं झालं नाही. भाचीबाईंचं ते नवीन रेझिन, काय सांगू, मधासारखं पसरतं. चोवीस थर, एक बुडबुडा नाही. आज दुपारी जाळणार त्याला." त्यांनी समोरच्या कापडाची कड सरळ केली. "जाळू देत. तिकडं गेलं की संपलंच ते."

हे शेवटचं वाक्य मावशींच्या कानात रेंगाळलं. त्या बाहेर आल्या तेव्हा साडेबारा वाजत होते.

५. रंगीत तालीम

जाळीवाला जेवणाच्या डब्यावर सापडला. साहेबांना संशय घ्यायचा तर याचा घ्यायला हरकत नव्हती. वीस वर्षं तांब्याची जाळी लावण्यात गेलेली. सात नंबर पास झालं की जाळी गेली आणि जाळीबरोबर जाळीवाला.

"तुमची तर पंचाईत आहे," मावशींनी खडा टाकला.

"माझी? आहेच की!" तो खदखदून हसला. "या वयात शाळेत घातलंय मला. दीड महिना रोज जेवणाच्या सुट्टीत भाचीबाई रेझिन कालवायला शिकवतायत. काल बायको म्हणाली, घरचं पीठ मळताना कधी एवढं लक्ष दिलं नाहीत. सात पास झालं तर आठ नंबरचं रेझिन मी कालवणार. तोंडी परीक्षा झालीसुद्धा. पहिल्या फेरीत नापास."

म्हणजे सात बुडावं असं वाटायला या माणसाकडं कारणच नव्हतं. उलट ते तरलं तरच त्याचं भलं होतं.

"उस्तादांनी सात बनवलं तेव्हा होतात तुम्ही?"

"दोन्ही दिवस होतो."

मावशींच्या हातातला कप ओठांपाशी थांबला. "दोन दिवस लागले?"

"नाही हो, पॅनेल एकाच दिवशी झालं. गुरुवारी. बुधवारी रंगीत तालीम होती."

"कसली तालीम?"

"तुम्हाला माहीत नाही? साहेबांनाही नसेल म्हणा, भाचीबाईंनाही. ते कुठं डगला घालून आत येतात! महत्त्वाचं पॅनेल असलं की उस्ताद आदल्या दिवशी हुबेहूब तसंच एक बनवून बघतात. तोच साचा, तेवढेच थर, फक्त रेझिन साधं. नवीन रेझिन मोजूनमापून मिळतं ना. हाताला सगळं बसलं की दुसऱ्या दिवशी खरं. तालमीचं संध्याकाळी कापून टाकतात."

"आणि चिठ्ठी?"

"घालतात की. मी एकदा म्हटलं, उस्ताद, तालमीला कशाला चिठ्ठी? केवढे भडकले! म्हणाले, नाटकात मुकुट घालायचा असेल तर तालमीतही घालूनच उभं राहायचं, नाहीतर ऐनवेळी डोक्यावर बसत नाही."

"नंबर?"

"सातच. दुसरा कुठला घालणार?"

मावशींनी कप खाली ठेवला. सात नंबर दोनदा जन्मलं होतं. या वेळचं तालमीचं पॅनेल कापलं गेलं नव्हतं, ते कपाटात होतं. मग खरं कुठं होतं?

रद्दी पॅनेलांच्या मांडणीवर एक्केचाळीस काळे तुकडे होते. काळ्यात काळं लपवायला याहून चांगली जागा नाही. चिठ्ठीचा कोपरा कापून टाकला असेल, म्हणून मावशी आणि भाचीनं एकेकाची साय घासून वर-खाली मीटर लावलं. तीनशे नव्वद. चारशे पाच. पाचशे. एक्केचाळीसावा तुकडा उलटला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

चौदा कुठंच नव्हतं.

भाची जमिनीवरच बसली. "गेलं, मावशी. कारखान्याबाहेर गेलं."

"शनिवार-रविवार फाटक बंद होतं. एवढा हात-दीड हात फळा शुक्रवारी कुणी शर्टात घालून..." मावशी बोलता बोलता थांबल्या. त्यांच्या गुडघ्यात पुन्हा कळ आली होती. स्टुलावर बसल्यामुळे.

६. ताठ पाठ

"उस्ताद," मावशी दारातूनच म्हणाल्या, "आज मला खुर्ची दिली नाहीत."

उस्तादांनी हातातली कात्री खाली ठेवली. उठले मात्र नाहीत.

"शुक्रवारी पाचनंतर सात तुमच्याकडं कडा घासायला आलं. परत गेलं ते तालमीचं. वीजवाल्यानं केलेला चांदीचा चौकोन तुम्ही बघून बघून तंतोतंत काढलात. फक्त एक चुकलं. त्यानं घासलं असतं तर गोल घासलं असतं. तुम्हाला धाग्यावर आडवा कागद फिरवणं जमलं नाही. खोटं करतानाही जमलं नाही."

उस्ताद खुर्चीला आणखी घट्ट टेकले.

"आणि या खुर्चीच्या पाठीवर धुळीसाठी घातलेली खोळ आज फार ताणलेली दिसतेय."

"मावशी, महिनाअखेरीला घेऊन जाणार होतो," उस्ताद अगदी हळू बोलले. "बावीस वर्षांत माझं एक पॅनेल त्या हॉलमधून परत आलेलं नाही. येतं ते पोत्यात, तुकडे होऊन. म्हटलं, शेवटचं तरी घरी न्यावं. नातीला दाखवावं, आजोबा काय करायचे ते. जाळायला काय, तालमीचं चाललं असतं. फुटायचं ते फुटतंच ना!"

"फुटतंच? तुम्ही कधी तिकडं बघायला गेलात?"

"बघवत नाही."

"उस्ताद, चाचणीत टिकलेलं पॅनेलसुद्धा ते नंतर कापतात. आतले थर शाबूत आहेत का ते बघायला. पोत्यात येतं म्हणजे फुटलं असं नाही."

"टिकतात? माझी?"

"ते वीजवाल्याला विचारा. पण आधी दुसरं ऐका. तालमीच्या पॅनेलवर आज सकाळी चारशे दहा आलं. शुक्रवारी चौदा लिहिणारी पोरगी खोटारडी ठरलीय. तीन वाजता तिला घरी पाठवणार आहेत."

"कुणाला? भाचीबाईंना?"

उस्ताद ताडकन उभे राहिले. पाठ दुखणाऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या झपाट्यानं. खोळ त्यांनी स्वतःच्या हातांनी ओढून काढली, आतलं पॅनेल उराशी धरलं आणि पायांवरच्या पिशव्यांसकट धावत सुटले.

७. चार वाजता

दोन पन्नासला साहेबांच्या टेबलावर दोन सात नंबर शेजारी शेजारी पडले होते. कोपऱ्यात सारखीच चिठ्ठी, सारखंच अक्षर. मावशींनी एकाला मीटर लावलं. चारशे दहा. दुसऱ्याला लावलं.

चौदा.

"मी चोरलं, साहेब," उस्ताद धापा टाकत म्हणाले. "तिचा काडीचा दोष नाही. काय करायचं ते माझं करा."

साहेब लाल झाले, मग पांढरे झाले. काहीतरी बोलणार, तोच फाटकाशी गाडी वाजली. विमान खात्याची माणसं दहा मिनिटं आधीच आली होती.

आलेल्या दोघांतल्या चष्मेवाल्या बाई फार काटेकोर. शुक्रवारचा कागद त्यांनी दोनदा वाचला. "आकडा छान आहे. पण नुसतं हे पॅनेल टिकलं तर मला काय कळणार? कदाचित उस्तादांच्या हातामुळं टिकलं असेल, रेझिनमुळं नाही. त्याच हाताचं, त्याच साच्यातलं, साध्या रेझिनचं जोडीदार पॅनेल असतं तर खरी तुलना झाली असती. पण असं कुणी बनवून ठेवत नाही."

जाळीवाला, जो नुसताच डोकावायला आला होता, तोंडावर हात धरून बाहेर पळाला. त्याचं हसू व्हरांड्यातून ऐकू येत राहिलं.

"आहे," भाची म्हणाली. "बुधवारचं आहे. उस्तादांनी बनवून ठेवलंय."

चारला भोंगा झाला. सगळे जाड काचेमागं उभे राहिले. उस्ताद आयुष्यात पहिल्यांदा या हॉलमध्ये आले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि वीजवाल्याचा दंड घट्ट धरला होता.

"उस्ताद, उघडा डोळे. मी पालीला भितो, मी उघडे ठेवलेत."

पांढरा लखलखाट झाला आणि गच्चीवरून लोखंडी कपाट पडावं तसा आवाज. धूर विरला. खरं सात चौकटीत होतं तसंच उभं होतं. वरच्या थरावर तळहाताएवढा करपा, चार धागे पिंजारलेले. मागून बघितलं तर नवंकोरं.

मग तालमीचं सात लावलं. तोच भोंगा, तोच लखलखाट. पण या वेळी आवाजाच्या पोटात आणखी एक आवाज आला, कोरडा, फाटल्यासारखा. धूर विरला तेव्हा पॅनेल भिजून फुगलेल्या पुस्तकासारखं उघडं पडलं होतं. वरची पानं सुटून लोंबत होती.

चष्मेवाल्या बाईंनी दोन्हींचे फोटो घेतले. "आता कापायला हवं," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

वीजवाल्यानं करवत उचलली. उस्तादांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू गोल कापशील," ते म्हणाले.

खरं सात त्यांनी मधोमध कापलं, धाग्याच्या रेषेत, श्वास रोखून. कापलेली कड भिंगाखाली धरली. वरचे दोन थर करपलेले, त्याखालचे बावीस एकमेकांना घट्ट धरून. बाईंनी मोजले. उस्तादांनीही मोजले, बोट न लावता, ओठांनी.

"अरे," त्यांनी वीजवाल्याला विचारलं, "आजपर्यंतची माझी किती टिकली?"

"नक्की आकडा वहीत बघावा लागेल. पण दोनशेच्या वर पॅनेलं झाली असतील तुमची आणि फुटलेली बोटांवर मोजता येतील."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत! मला वाटलं, तुम्हाला गर्व झालाय."

उस्ताद तिथल्याच पिंपावर बसले. थोडा वेळ हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदमच.

बाईंनी कागदावर शेरा लिहिला. शुक्रवारच्या आकड्याखालच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी," भाची म्हणाली.

"मग आजच्या निकालाखालीही तुम्हीच करा. या रेझिनबद्दल मला पुढं जे विचारायचं असेल ते मी तुम्हालाच विचारणार."

ती सही करत होती तोवर साहेब तिच्या मागं येऊन उभे होते. घसा दोनदा साफ करून झाला.

"उस्तादांचं मी नंतर बघतो," ते म्हणाले. "म्हणजे, तालमीचं पॅनेलही यापुढं कागदावर घ्यायचं, एवढं बघतो." मग आवाज अगदी खाली आणला. "आणि ते... सकाळचं... मी चुकलो."

भाचीनं पेनचं टोपण लावलं. "कोण चुकलं? साहेब की मामा?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मावशी पेटी आवरायचं सोडून ऐकत होत्या. जाळीवाला तर मुद्दाम जवळ सरकला होता.

"दोघंही."

"मग दोनदा म्हणा."

साहेबांनी पहिल्यांदा म्हटलं ते कसंबसं ऐकू आलं. दुसऱ्यांदा म्हणायच्या वेळी धूर घालवायला वीजवाल्यानं हॉलमधले चारही पंखे सुरू केले, त्यामुळं मामांना ते ओरडून म्हणावं लागलं आणि अख्ख्या कारखान्यानं ऐकलं.